पडद्यामागचा दिवा आणि संत्र्याचा रंग

वरूडच्या माणसास संत्र्याचा रंग कसा असतो हे सांगावयास बाहेरचा व्याख्याता नको. आंबिया बहाराचे फळ घाईने तोडले तर ते हिरवट पिवळे असते, थंडी पडली की त्याच झाडावरचे फळ केशरी होते, आणि मृगाचे फळ उन्हाळ्याच्या तोंडाशी चांगले रंगावर येते, हे भेद येथील शाळकरी पोरही दुरून सांगेल. परंतु हाच रंग लॅपटॉपच्या पडद्यावर उमटवून, तेथून कागदावर उतरवून, पेटीवर चिकटवावयाचा म्हटला की भल्याभल्यांची त्रेधा उडते. ती का उडते आणि कशाने टळते, एवढाच आमचा आजचा विषय आहे.

आमच्या परिचयाचा एक तरुण याच भागात लग्नपत्रिका, फ्लेक्स, दुकानांची लेबले अशी कामे करतो. हात चांगला, नजरही चांगली. कर्ज काढून त्याने नवा लॅपटॉप घेतला. घेताना गतीची, साठ्याची, हमीच्या वर्षांची चौकशी केली. पडद्याची मात्र केली नाही. पडदा तो पडदा, त्यात काय पाहावयाचे, असे आपणां सर्वांसच वाटते. पहिले मोठे काम आले ते संत्र्याच्या पेटीवरील लेबलाचे. पडद्यावर फळ त्याला मळकट पिवळे दिसू लागले, म्हणून त्याने मॅजेंटा थोडा वाढविला. तरी मनासारखे येईना, म्हणून आणखी वाढविला. अखेर पडद्यावर फळ साजरे दिसू लागले. पाच हजार लेबले छापून आली. बगीचेवाल्याने एक लेबल हातात घेतले, उलटसुलट करून पाहिले आणि विचारले, "काहून गा, हा संत्रा हाय का इटकर?"

लेबले नाकारली गेली. कागदाचा व छपाईचा खर्च तरुणाच्या अंगावर आला आणि लॅपटॉपचे दोन हप्ते थकले. तो आमच्याकडे आला तेव्हा त्याचा राग छापखान्यावर होता. आम्ही फाइल उघडून आकडे वाचले. नारिंगी रंगास पिवळी शाई पूर्ण आणि मॅजेंटा निम्म्याच्या आसपास असा सर्वसाधारण हिशेब असतो. येथे मॅजेंटा तीनचतुर्थांशावर गेला होता. छापखान्याने जे सांगितले तेच छापले होते. तरुणाच्या डोळ्याचाही दोष नव्हता. त्याने पडद्यावर जे पाहिले त्यावर विश्वास ठेवला एवढेच. खोटी साक्ष पडद्याने दिली होती, आणि त्या पडद्याच्या मागे जो दिवा होता त्याचा या खोटेपणात मोठा वाटा होता.

हा दिवा म्हणजे ज्यास बाजारात बॅकलाइट म्हणतात तो होय. लॅपटॉपचा साधा पडदा स्वतः प्रकाशत नाही. त्यात द्रवस्फटिकांचा एक पातळ थर असतो. तो विजेच्या इशाऱ्याने प्रकाशास वाट देतो किंवा अडवितो. या थरासमोर तांबड्या, हिरव्या व निळ्या रंगांच्या अतिसूक्ष्म चाळण्या बसविलेल्या असतात, आणि या सर्वांच्या मागे पांढरा दिवा तेवत असतो. दिव्याचा पांढरा प्रकाश चाळणीतून गाळला जातो आणि आपणांस रंग दिसतो. म्हणजे ही रचना दिवाळीच्या आकाशकंदिलासारखी आहे. कंदिलास तांबडा कागद लावला तर तो तांबडा दिसतो. परंतु कागद काही तांबडा प्रकाश निर्माण करीत नाही, आतल्या दिव्यात जो तांबडा अंश असेल तेवढाच तो बाहेर सोडतो. आतल्या दिव्यातच तांबडा अंश थोडा असेल तर कागद कितीही चांगला असून उपयोग नाही. रस्त्यावरच्या पिवळ्या सोडियम दिव्याखाली निळे लुगडे काळपट दिसते, हा अनुभव ज्यांनी घेतला असेल त्यांस हे निराळे समजावून सांगावयास नको. जो रंग दिव्यात नाही तो पुढे कोठेच सापडावयाचा नाही.

तीनच रंगांतून सारे जग दाखविण्याची ही युक्ती आजची नव्हे. आपल्या डोळ्यांत रंग ओळखणाऱ्या पेशी तीन जातींच्या असतात, म्हणून तीन रंगांच्या मिश्रणाने डोळ्याचे समाधान होते. छपाईतील तीनरंगी ठोकळे याच तत्त्वावर चालत. दादासाहेब फाळके चित्रपटाकडे वळण्यापूर्वी छपाईच्या धंद्यात होते आणि १९०९ साली रंगीत छपाईची यंत्रसामग्री पाहण्यासाठी जर्मनीस गेले होते, हे अनेकांस ठाऊक असेल. मुंबईत १८९४ साली निघालेल्या राजा रविवर्म्याच्या छापखान्यात तर रंगागणिक निराळा दगड वापरून चित्रे छापीत. त्या काळच्या कारागिराचा एक मोठा लाभ असा की मूळ चित्र आणि छापलेला कागद ही दोन्ही त्याच्यासमोर एकाच उजेडात असत. आजच्या कारागिरास एका बाजूस स्वतः उजेड फेकणारा पडदा आणि दुसऱ्या बाजूस दुसऱ्याच्या उजेडावर दिसणारा कागद यांची गाठ घालावयाची असते. म्हणून पडद्याचा उजेड कोणत्या जातीचा आहे हे त्यास जाणून घेणे भाग आहे. या जाती आता क्रमाने पाहू.

सर्वांत जुनी जात नळीची. घरातल्या ट्यूबलाइटचीच ही पेन्सिलीहून बारीक अशी बहीण. तिला सीसीएफएल म्हणत. नळीत पाऱ्याची वाफ असे. विजेने त्या वाफेतून जंबुपार किरण निघत आणि ते नळीच्या आतील भुकटीवर पडून तांबडा, हिरवा व निळा असे तीन प्रकाश उत्पन्न करीत. चांगल्या नळीचे रंग समाधानकारक असत. परंतु दिवा लावल्यापासून तो स्थिर व्हावयास बराच वेळ लागे, आणि वापराच्या वर्षांबरोबर त्याचा पांढरा रंग पिवळा पडत जाई. २०१० च्या सुमारास नव्या लॅपटॉपांतून ही जात जवळजवळ नाहीशी झाली. कोणी जुना लॅपटॉप अजूनही रंगाच्या कामास वापरीत असेल तर त्याने पडद्यावरचा पांढरा आणि कोरा कागद एकदा शेजारी धरून पाहावा.

दुसरी जात पांढऱ्या एलईडीची, आणि आज बहुसंख्य लॅपटॉपांत हीच असते. येथे एक गंमत ध्यानात ठेवण्याजोगी आहे. पांढरा एलईडी मुळात पांढरा नसतो, तो निळा असतो. प्रखर निळा एलईडी बनविण्याची विद्या जपानी शास्त्रज्ञांनी साध्य केली. त्याबद्दल इसामु आकासाकी, हिरोशी आमानो व शुजी नाकामुरा यांस २०१४ सालचे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. या निळ्या दिव्यावर पिवळा प्रकाश देणाऱ्या भुकटीचा लेप देतात. निळा आणि पिवळा मिळून डोळ्यास पांढरे भासते. दिवा स्वस्त, टिकाऊ, पाऱ्यावाचूनचा आणि थोड्या विजेवर चालणारा. तेव्हा लॅपटॉप पातळ व हलके होण्यास त्याची फार मदत झाली. ॲपल कंपनीने २००७ साली आपल्या मॅकबुक प्रो या लॅपटॉपास एलईडीचा बॅकलाइट दिला आणि पुढील दोनचार वर्षांत तीच रीत सर्वत्र रूढ झाली.

परंतु या दिव्याच्या पिवळ्या लेपातच अडचण आहे. त्या लेपाचा प्रकाश हिरव्यापासून नारिंगीपर्यंत एकसारखा पसरलेला असतो. गडद तांबडा अंश त्यात थोडा, आणि हिरवा कोठे संपतो व तांबडा कोठे सुरू होतो याची सीमा स्पष्ट नसते. त्यामुळे तांबड्या चाळणीतून पिवळसर प्रकाश निसटतो आणि हिरव्या चाळणीतूनही तोच निसटतो. त्यात स्वस्त पडदा करणारा कारखानदार आणखी एक काटकसर करतो. चाळणी फिकट ठेवली की उजेड अधिक बाहेर पडतो, लहान दिव्यात काम भागते, बॅटरी जास्त वेळ चालते. फक्त रंग एकमेकांत मिसळतात. आमच्या तरुणाच्या लॅपटॉपात हे दोन्ही दोष एकत्र आले होते. त्या पडद्यास खरा तांबडाच दाखविता येत नव्हता, म्हणून संत्रा मळकट पिवळा दिसे. पडद्याची ही उणीव त्याने फाइलमध्ये मॅजेंटा घालून भरून काढली. आणि कागदास मुळात ती उणीव नसल्याने कागदावर फळ विटकरी झाले.

याचा अर्थ पांढरा एलईडी टाकाऊ आहे असा मात्र नव्हे. लेपात तांबड्या प्रकाशाची भुकटी मिसळली आणि चाळणी पुरेशी गडद ठेवली तर याच जातीचा पडदा नेहमीच्या कामास उत्तम होतो. भेद जातीत थोडा आणि करणीत अधिक आहे.

तिसरी जात तीन स्वतंत्र एलईडींची. तांबडा, हिरवा, निळा असे तीन निराळे दिवे मागे बसवावयाचे, म्हणजे चाळणीस गाळावयाचे काम थोडेच उरते. २००८ च्या सुमारास डेल व एचपी या कंपन्यांनी व्यावसायिक कामाच्या काही भारी लॅपटॉपांत ही रचना दिली होती. रंग अतिशय शुद्ध येत. परंतु तीन दिव्यांचे म्हातारपण सारख्या वेगाने येत नाही, उष्णतेचा परिणामही तिघांवर सारखा होत नाही. म्हणून त्यांचा तोल सतत सांभाळावा लागतो. वीज अधिक लागते आणि खर्चही वाढतो. लॅपटॉपात ही जात फार काळ टिकली नाही.

चौथी जात नव्या लेपांची, आणि आज चांगल्या पडद्यांचा भर हिच्यावर आहे. दिवा निळाच, परंतु पसरट पिवळ्या लेपाऐवजी ठरावीक अरुंद पट्ट्यात प्रकाशणारी द्रव्ये वापरतात. पोटॅशियम, सिलिकॉन व फ्ल्युओरिन यांच्या संयुगात मँगनीजचा अंश घालून केलेली एक भुकटी ६३० नॅनोमीटरच्या आसपास अगदी बारीक रेघांत तांबडा प्रकाश देते. याच घराण्यात क्वांटम डॉट येतात. हे काही थोड्या नॅनोमीटरांचे स्फटिककण होत. त्यांचा चमत्कार असा की द्रव्य तेच ठेवून कणाचा आकार लहानमोठा केला की प्रकाशाचा रंग पालटतो. लहान कण हिरवा, मोठा कण तांबडा. या कणांच्या शोधाबद्दल मुंगी बावेंडी, लुई ब्रुस व अलेक्सी एकिमोव्ह यांस २०२३ सालचे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. अशा दिव्यांपुढे चाळणीचे काम सोपे होते, कारण हिरवा व तांबडा दिव्यातूनच वेगळे होऊन आलेले असतात.

पाचवी जात मिनी-एलईडीची. हिच्यात नावीन्य रंगाचे नसून मांडणीचे आहे. नेहमीच्या लॅपटॉपात दिव्यांची ओळ पडद्याच्या एका कडेस असते आणि एक पारदर्शक पत्रा तो उजेड सर्वत्र पसरवितो. मिनी-एलईडीत पडद्याच्या सबंध पाठीवर हजारो बारीक दिवे मांडतात व त्यांचे गट पाडून चित्राच्या काळ्या भागामागचे गट मंद करतात. ॲपलने २०२१ साली मॅकबुक प्रोत ही रचना आणली. काळा खरोखर काळा दिसू लागतो. मात्र काळ्या पार्श्वभूमीवर पांढरे अक्षर असेल तर त्याच्याभोवती धुरकट वलय दिसण्याचा संभव असतो. आणि एखाद्या ठिकाणचा उजेड शेजारच्या चित्रावर अवलंबून राहिला तर रंग जुळविणाऱ्याचा गोंधळ उडतो. अशा लॅपटॉपात छपाईच्या कामासाठी उजेड ठरावीक ठेवणारी सोय असेल तर ती निवडून काम करावे.

ओलेडची गणना खरे पाहता या यादीत होत नाही, कारण तेथे मागे दिवाच नसतो. पडद्याचा प्रत्येक कण स्वतः उजळतो व विझतो. रंग भरघोस, काळा परिपूर्ण. परंतु एकच चित्र, एकच पट्टी दिवसचे दिवस त्याच जागी राहिली तर तिचा ठसा पडद्यावर कायमचा उमटण्याचे भय असते, आणि डीटीपीच्या प्रोग्रॅमच्या पट्ट्या तर दिवसभर एकाच जागी असतात. शिवाय पुष्कळ ओलेड पडदे उजेड कमी करावयाचा झाल्यास फार जलद उघडझाप करतात. काहींच्या डोळ्यांस ती सोसत नाही.

एवढ्या जाती ऐकल्यावर श्रोता स्वाभाविकच विचारील, की आम्ही दुकानात जाऊन काय विचारावे? दुकानदार लेपाचे नाव सांगू शकणार नाही. परंतु पडदा किती रंग दाखवू शकतो याचे माप मात्र बहुधा माहितीपत्रकात दिलेले असते. या मापास आपण रंगव्याप्ती म्हणू. ती चार नावांनी सांगितली जाते. एसआरजीबी हे एचपी व मायक्रोसॉफ्ट यांनी १९९६ साली सुचविलेले आणि १९९९ साली आंतरराष्ट्रीय मानक झालेले माप. संगणकावरील बहुतेक चित्रे याच मापाची असतात. ॲडोबी आरजीबी हे १९९८ सालचे. ते हिरव्या व निळसर हिरव्या बाजूस अधिक पसरलेले आहे, कारण छपाईच्या निळ्या शाईने येणारे काही रंग एसआरजीबीत मावत नाहीत. पी-३ हे डिजिटल चित्रपटगृहांसाठी ठरलेले. ते तांबड्या व नारिंगी बाजूस अधिक पुढे जाते. चौथे एनटीएससी, म्हणजे अमेरिकेच्या १९५३ सालच्या रंगीत दूरचित्रवाणीचे माप. ते आज कोणी वापरीत नाही, पण पडद्याच्या माहितीपत्रकात त्याची टक्केवारी अजून छापतात आणि तेथेच गिऱ्हाईक फसते. "४५ टक्के एनटीएससी" असे लिहिलेले असेल तर तो पडदा एसआरजीबीच्या दोनतृतीयांशाहूनही कमी रंग दाखवितो असे समजावे. "७२ टक्के एनटीएससी" म्हणजे एसआरजीबीच्या जवळपास. आमच्या तरुणाच्या लॅपटॉपाचे पत्रक आम्ही नंतर काढून वाचले. त्यात ४५ चाच आकडा होता. एका ओळीत, बारीक अक्षरांत.

कोणी म्हणेल, मग सर्वांत मोठ्या व्याप्तीचाच पडदा घ्यावा. आमचे मत तसे नाही; काम कोठे संपते हे पाहून पडदा घ्यावा. साधारण पिकलेल्या संत्र्याच्या सालीचा रंग एसआरजीबीच्या आवाक्यातला आहे. चौरंगी छपाईचा नारिंगीही बव्हंशी त्याच आवाक्यात येतो. किंबहुना पडद्यावरचा अत्यंत झगझगीत नारिंगी चौरंगी शाईत मंदावतोच, आणि तो हवाच असेल तर छापखान्यात स्वतंत्र नारिंगी शाई घ्यावी लागते. तेव्हा लेबले, पत्रिका, पाट्या, मोबाइलवर पाठविण्याच्या जाहिराती यांसाठी शंभर टक्के एसआरजीबी दाखविणारा चांगला पांढऱ्या एलईडीचा पडदा पुरेसा आहे. ज्यास पैठणीच्या मोरपंखी रंगाचे छायाचित्र उत्तम छपाईसाठी तयार करावयाचे असेल त्याने ॲडोबी आरजीबीची मोठी टक्केवारी शोधावी. चलच्चित्राचे काम करणाऱ्याने पी-३ घ्यावा. या दोहोंसाठी चौथ्या जातीचे दिवे लागतात.

मोठ्या व्याप्तीत एक उलटा धोकाही असतो. डीटीपीच्या जुन्या प्रोग्रॅमांत रंगांची मापे ओळखण्याची सोय नसते, किंवा असून बंद ठेवलेली असते. असा प्रोग्रॅम एसआरजीबीचे आकडे सरळ मोठ्या पडद्याकडे पाठवितो, आणि पडदा ते आपल्या मोठ्या मापाने ताणून दाखवितो. संत्रा पेटलेल्या निखाऱ्यासारखा दिसू लागतो. मग कारागीर भिऊन मॅजेंटा कमी करतो आणि कागदावर फळ लिंबाच्या वळणावर जाते. पहिल्या चुकीत विटकर झाली, दुसरीत लिंबू होईल, नुकसान तेवढेच. म्हणून मोठ्या व्याप्तीच्या पडद्यावर बसण्यापूर्वी प्रोग्रॅममधील रंगव्यवस्थापन चालू करणे आवश्यक आहे, अथवा पडद्यासच एसआरजीबीच्या मर्यादेत ठेवण्याची सोय असेल तर ती वापरावी.

दिव्याखेरीज पडद्याच्या घडणीकडेही पाहावे. आयपीएस घडणीचा पडदा बाजूने पाहिला तरी रंग फारसे बदलत नाहीत. टीएन घडणीचा पडदा थोडा मागेपुढे कलला की बदलतात. दुकानात लॅपटॉप उघडून तो पुढेमागे कलवून पाहण्यास काही खर्च येत नाही. जाताना आपल्या जुन्या कामाची एक फाइल व तिचा चांगला छापलेला कागद बरोबर न्यावा आणि दोन्ही दुकानाच्या दाराशी, उजेडात, शेजारी धरून पाहावी.

यानंतर मोजणी. उत्तम पडदाही कारखान्यातून अगदी तोलून येतोच असे नाही, आणि काळाने तो ढळतोच. पडद्यावर ठेवून त्याचे रंग मोजणारे एक लहान यंत्र मिळते. त्याला कलरीमीटर म्हणतात. ते ठरावीक रंग मोजते, पडद्याची चूक नोंदवते आणि दुरुस्तीची फाइल संगणकास देते. येथे आमच्या विषयाचा पुन्हा संबंध येतो. पडद्यामागचा दिवा कोणत्या जातीचा आहे हे या यंत्रास सांगावे लागते. नळीसाठीची निवड ठेवून क्वांटम डॉटचा पडदा मोजला तर दुरुस्तीच चुकीची होते व पांढऱ्यावर एखादी छटा चढते. कारण दोन दिव्यांचा पांढरा डोळ्यास सारखा वाटला तरी त्यांच्या प्रकाशाची घटना निराळी असते. मापनाचा पायाही माणसाच्या डोळ्यावरच रचलेला आहे. १९३१ साली ठरलेला आंतरराष्ट्रीय प्रमाण डोळा राइट व गिल्ड या दोन इंग्रज संशोधकांच्या प्रयोगांतून निघाला, आणि त्या प्रयोगांत सतराच माणसे होती. अरुंद रेघांचा प्रकाश देणाऱ्या नव्या पडद्यांवर दोन माणसांस एकच रंग किंचित निराळा दिसू शकतो, तो यामुळेच. तेव्हा गिऱ्हाईक "मला लाल दिसते" म्हणाले तर ते दरवेळी हट्टानेच बोलते असे समजू नये.

मोजणीपूर्वी व कामापूर्वी पडदा अर्धा तास चालू ठेवावा. रात्री पडदा पिवळसर करणारी सोय, बॅटरी वाचविण्यासाठी उजेड आपोआप कमीजास्त करणारी सोय, ह्या दोन्ही बंद कराव्यात. छपाईच्या कामास उजेड १०० ते १२० निटच्या आसपास ठेवावा; पडदा फार प्रखर ठेवला की छापून आलेला कागद अंधारा भासतो. आपल्याकडे वैशाखाच्या दुपारी दारातून जो उजेड आत येतो त्यात कोणताही पडदा फिकाच दिसावयाचा. म्हणून पडद्यास दाराकडे तोंड करून ठेवू नये, आणि मागची भिंत भडक रंगाची नसावी. प्रूफ मात्र सकाळच्या उजेडात, सावलीत, उघड्यावर पाहावे.

आता आमच्या तरुणाचे काय झाले ते सांगून आम्ही संपवितो. नवा लॅपटॉप घेण्याची त्यास ऐपत नव्हती. आम्ही त्यास सुचविले की शंभर टक्के एसआरजीबीचा एक स्वतंत्र पडदा जुन्या लॅपटॉपास जोडावा. त्याचा खर्च नव्या लॅपटॉपाहून पुष्कळ कमी. त्याने तसे केले. कलरीमीटर त्याने एकट्याने घेतला नाही. गावातल्या आणखी तिघा डीटीपीवाल्यांस त्याने गाठले आणि चौघांत मिळून एक यंत्र घेतले. महिन्यातून एकदा ते या दुकानातून त्या दुकानात फिरते. जी वस्तू महिन्यात एक तास लागते ती प्रत्येकाने निराळी विकत घेणे शहाणपणाचे नव्हे, हे कळण्यास अर्थशास्त्र शिकावे लागत नाही. वरूड, मोर्शी, शेंदुरजनाघाट या टापूत संत्र्याची लेबले करणारे जे जे कोणी असतील त्यांनी ही रीत उचलली तर आमच्या या व्याख्यानाचे सार्थक झाले असे आम्ही समजू.

पुढच्या बहारास त्याच बगीचेवाल्याने त्याला पुन्हा काम दिले. प्रूफ आले तेव्हा तरुण ते घेऊन बगीच्यात गेला, एक फळ तोडून कागदाशेजारी धरले आणि दोघांनी झाडाच्या सावलीत उभे राहून पाहिले. म्हातारा बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "छाप आता."